बाबांच्या गुडघ्यातला थर

माझ्या वडिलांच्या डाव्या गुडघ्यात जे जिवाणू ठाण मांडून बसले, तसलेच जिवाणू मारायचा मला पगार मिळतो. गेली सात वर्षं इथे तमिळ मुलखात, तांबरमजवळच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मी हेच करते आहे. शरीरात बसवलेल्या धातूच्या सांध्यांवर, सळ्यांवर, स्क्रूंवर जिवाणू चिकटतात, एकमेकांना धरून थर करतात, आणि एकदा तो थर जमला की औषध आतपर्यंत पोचत नाही. पाण्याचं पिंप महिनाभर घासलं नाही की आतून जो बुळबुळीत थर बोटाला लागतो ना, तोच प्रकार. फक्त इथे पिंप माणसाच्या आत असतं. आम्ही टायटॅनियमच्या बटणाएवढ्या चकत्यांवर चांदीचे अतिसूक्ष्म कण बसवतो, केसाच्या जाडीत हजारो मावतील इतके बारीक. मग त्यावर जिवाणू सोडतो आणि ते मरतात का ते बघतो. काचेच्या ताटलीत ते बहुतेक वेळा मरतात. ताटलीच्या बाहेरचं मला विचारू नका, असं म्हणायची सोय मात्र मला राहिली नाही.

नातेवाइकांच्या लेखी मी डॉक्टर आहे. पीएचडीची डॉक्टर वेगळी आणि इंजेक्शन देणारी डॉक्टर वेगळी, हे सांगून सांगून माझी जीभ झिजली, पण सांगलीहून सर्दीसाठी फोन यायचे ते येतातच. गणपतीत भेटणाऱ्या इथल्या मराठी बायका ब्लाउजच्या बाह्या वर करून मला पुरळ दाखवतात. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. तोंडाने नको नको म्हणायचं आणि मनातून खूश व्हायचं, असला माझा स्वभाव आहे.

बाबा ऐन पंचविशीत सांगली सोडून इकडे आवडी नावाच्या गावी संरक्षण खात्याच्या कारखान्यात लागले आणि टूल रूममधून निवृत्त झाले. लोखंडावरून नुसतं नख फिरवून ते सांगायचे, की इथे खरखर राहिली आहे. माझ्या पहिल्या चकत्या त्यांच्याच ओळखीने अंबत्तूरच्या एका लेथवाल्याने कापून दिल्या होत्या. बाबा माझ्याबरोबर आले, एकेक चकती उचलून नख फिरवलं आणि निम्म्या परत केल्या. खडबडीत धातूला घाण आधी धरते, हे मला जर्नलं वाचून कळलं होतं आणि त्यांना हाताने. त्या माणसाचे दोन्ही गुडघे पस्तीस वर्षं यंत्रापुढे उभं राहून झिजले. डावा जास्त. जानेवारीत पोंगल झाल्यावर अण्णा नगरमधल्या एका हॉस्पिटलात, आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर, त्यांचा डावा गुडघा बदलला.

सर्जन तमिळ होते, पन्नाशीचे, हाताला यश असलेले आणि त्याची पुरेपूर जाणीव असलेले. मी काय काम करते हे आईने त्यांना पहिल्याच भेटीत सांगून टाकलं. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि हसत म्हणाले, की चांदी, झिंक, सोनं, सगळ्यांची कणभस्मं घेऊन लोक दर वर्षी त्यांच्याकडे येतात आणि ताटल्यांचे फोटो दाखवतात. "मॅडम, ताटलीला गुडघा नसतो," असं ते म्हणाले. आई भाबडेपणाने हसली, बाबाही हसले. मीही हसले, आणि ते वाक्य मनात धरून ठेवलं. पुढचं सगळं समजायला हे आत्ताच सांगितलेलं बरं. मला त्या माणसाचा राग आला होता आणि तो गेला नव्हता.

तीन आठवडे बाबा छान चालत होते. मग एका शनिवारी अंगात ताप भरला, गुडघा लाल झाला, हाताला गरम लागायला लागला. मी कॉन्फरन्ससाठी बाहेरगावी होते. आईने आपल्या पद्धतीने मार्ग काढला, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला जाऊन सांगितलं की ऑपरेशन झालंय आणि ताप आहे. त्याने अँटिबायोटिक गोळ्यांची पट्टी कात्रीने कापून दिली आणि सांगितलं, "अंजु नाळ साप्पिडुंग, अम्मा." आईने बरोब्बर पाच दिवस दिल्या, जेवणानंतर, घड्याळ लावून. ताप उतरला. मी परत आले तेव्हा गुडघा अजून जरा सुजलेला होता, म्हणून त्यांना घेऊन सर्जनकडे गेले. गोळ्यांचं मी स्वतः त्यांना सांगितलं. तेवढं तरी लपवलं नाही. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, सुईने गुडघ्यातलं पाणी काढलं आणि त्यात जिवाणू उगवतात का ते बघायला कल्चरला पाठवलं.

आमच्या प्रयोगशाळेत एक रिवाज आहे. ताटली स्वच्छ निघाली, म्हणजे आमच्या चांदीने सगळे जिवाणू मेले आणि एकही ठिपका उगवला नाही, की फळ्यावर मोठ्या अक्षरांत 'नो ग्रोथ' लिहायचं. मग आमच्या गाइड मॅडम सगळ्यांना कॅन्टीनमध्ये कॉफी आणि बज्जी खायला नेतात. सात वर्षांत ते दोन शब्द माझ्या डोक्यात असे मुरलेत, की ते वाचले की आधी तोंडाला पाणी सुटतं. बाबांचा रिपोर्ट फोनवर आला तेव्हा मी तांबरमहून परतीच्या गाडीत होते. त्यात तेच दोन शब्द होते. एगमोरला उतरून मी मेट्रोकडे जायच्या आधी स्टेशनबाहेर म्हैसूरपाक घेतला, अर्धा किलो.

दुसऱ्या दिवशी सर्जनचा फोन आला. तो मला आला, बाबांना नाही. आपल्याकडे असंच असतं. आजारी माणसाच्या डोक्यावरून त्याच्या शिकलेल्या मुलाशी बोलायचं, आणि मुलाने मग पेशंटला सोसेल तेवढंच सांगायचं. सर्जन म्हणाले, की रिपोर्टवर त्यांचा भरवसा नाही. गोळ्या आधीच पोटात गेल्यात, आणि सुईने नुसतं पाणी येतं, धातूला जे धरून बसलंय ते येत नाही. त्यांना गुडघा उघडून धुवायचा होता, आतला प्लॅस्टिकचा तुकडा बदलायचा होता. आत्ता केलं तर धातू वाचेल, थर पक्का झाला की नाही वाचणार, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लवकर कळवा म्हणाले.

ते जे सांगत होते ते माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? आमच्याकडे चकतीवरचे जिवाणू मोजायचे असले तर चकती आधी सोनिकेटरमध्ये टाकतात. चष्म्याच्या दुकानात काचा साफ करायला ते थरथरणारं पाण्याचं छोटं भांडं असतं, तसंच मोठं. आवाजाच्या लहरींनी थर सुटतो, जिवाणू पाण्यात येतात, आणि मग ते मोजता येतात. कुणी विद्यार्थिनी हे न करता नुसतं भोवतालचं पाणी घेऊन आली आणि म्हणाली, मॅम, नो ग्रोथ, तर मी तिला सगळ्यांसमोर झापते. एकीला तर मी रडवलंय. पाण्यात काही नाही म्हणजे धातूवर काही नाही असं नसतं, हे मी पहिल्या आठवड्यातच शिकवते, दर वर्षी, नव्या मुलींना.

आणि फोनवर त्या सर्जनला मी काय म्हणाले? मी म्हणाले, कल्चर निगेटिव्ह आहे, ताप नाही, सूज उतरते आहे, एकाहत्तर वर्षांच्या मधुमेही माणसाला पुन्हा टेबलावर घेण्याइतका पुरावा मला यात दिसत नाही. इंग्रजीत म्हणाले, सेमिनारमध्ये बोलतात तसं. बोलताना मला बरं वाटत होतं. ताटलीला गुडघा नसतो म्हणणाऱ्याला मी ताटली वाचून दाखवत होते. ते एवढंच म्हणाले, "सरी मॅडम, पार्कलाम." ठीक आहे, बघू या. बाबांना मी सांगितलं की डॉक्टर म्हणतायत सगळं उत्तम आहे. त्यांनी म्हैसूरपाकाचा आणखी एक तुकडा मागितला, मधुमेह असून आईने दिलाही.

मी हे वरचेवर आठवून बघते, आणि दर वेळी मला अज्ञानाची एखादी फट सापडेल असं वाटतं. मला माहीत नव्हतं, मी दमले होते, मी घाबरले होते, असं काहीतरी. मी दमलेली नव्हते. घाबरलेलीही नव्हते. ऑपरेशनला नाही म्हणावं इतकी मला बाबांची काळजीही तेव्हा नव्हती, कारण ते बरे आहेत असंच मी धरून चालले होते. मला फक्त त्या माणसापुढे बरोबर ठरायचं होतं.

पुढचे दोन महिने बाबा खरंच बरे होते. टॉवर पार्कला दोन फेऱ्या मारायचे, जिना चढायचे. मग एप्रिलच्या उकाड्यात एक दिवस आईने मला न्हाणीघरात बोलावलं. जखमेच्या व्रणाच्या कडेला एक बारीक तोंड पडलं होतं, आणि त्यातून पिवळसर पाणी पाझरत होतं. ते तोंड बघितल्याबरोबर मला सगळं कळलं. हाडापर्यंत वाट गेल्याशिवाय ते पडत नाही. पुस्तकातला त्याचा फोटो मी मुलींना कितीदा दाखवला आहे, तोच फोटो माझ्या बापाच्या पायावर होता. आई पदराने ते पुसत विचारत होती, की हळद लावू का.

सर्जननी मागचं काहीच काढलं नाही. ते मला बोलले असते तर बरं झालं असतं. धातू काढावा लागेल, जागा औषध मिसळलेल्या सिमेंटने भरायची, काही महिन्यांनी हाड उरलं तर दुसरा सांधा, असं त्यांनी या वेळी बाबांना समोर बसवून सांगितलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मग तुझी चांदी लावा की. त्यासाठीच करतेस ना?"

मी त्यांना सांगितलं की तसं लावता येत नाही. आमचं काम ताटलीतून सशापर्यंत पोचलं आहे. चांदी कमी झाली तर जिवाणू मरत नाहीत, जास्त झाली तर हाडाच्या पेशी मरतात, आणि मधली रेघ माणसात कुठे आहे ते अजून कुणी सांगू शकत नाही. परवानग्या लागतात, वर्षं लागतात, आणि ते नियम बरोबरच आहेत. बाबांना नियम समजतात, त्यांचं आयुष्य मापं जुळवण्यात गेलं. त्यांनी एवढंच विचारलं की आणखी किती वर्षं. मी म्हणाले दहा तरी. ते म्हणाले, "म्हणजे माझ्यासाठी नाही," आणि आईला चहा टाकायला सांगितलं.

मग आमच्या गाइड मॅडमनी एक गोष्ट काढली. त्या वाईट बाई नाहीत, बाबांसाठी त्यांनी डबेही पाठवले आहेत. पण आमच्याकडे सगळे जिवाणू विकत आणलेले, नळीत बंद होऊन येणारे, सभ्य. खऱ्या माणसातून निघालेला, खरा थर बसलेला सांधा आम्हाला कधी मिळाला नव्हता, आणि आमच्या लेखांचे परीक्षक दर वेळी नेमकं तेच मागायचे. बाबांच्या हॉस्पिटलच्या आणि आमच्या समितीची परवानगी आधीच तयार होती, फक्त सांधा नव्हता. मॅडम मान खाली घालून म्हणाल्या, की काढलेला सांधा हॉस्पिटल तसाही टाकून देणार. मला राग यायला हवा होता. मला आधी त्या चकत्या दिसल्या, सोनिकेटर दिसला, आणि लेखातला एक नवा तक्ता दिसला. मग स्वतःची किळस आली, पण आधी तक्ता दिसला हे खरं आहे.

संमतीपत्र पेशंटच्या मातृभाषेत असावं लागतं. आमच्याकडे तमिळ होतं, इंग्रजी होतं, तेलुगूही होतं. मराठी नव्हतं. ते मी केलं, दोन दिवस तांबरमच्या गाडीत जाता-येता मांडीवर वही ठेवून. "या संशोधनातून तुम्हाला स्वतःला कोणताही प्रत्यक्ष लाभ होणार नाही," हे वाक्य मी तीनदा खोडून लिहिलं. दुसरं काही सुचेना म्हणून तेच ठेवलं.

ऑपरेशनच्या आदल्या दुपारी सर्जनचे तरुण सहायक डॉक्टर कागदांचं पुडकं घेऊन वॉर्डात आले. नियमाप्रमाणे कागद त्यांनी समजावून द्यायचा होता, पण त्यांना मराठी येत नव्हती, म्हणून ते खाटेशी उभे राहिले आणि बाबांनी कागद स्वतःच वाचायला घेतला. आई कॅन्टीनमध्ये गेली होती. बाबा कुठलाही कागद वरवर वाचत नाहीत. कारखान्यात ड्रॉइंग वाचायचे तसं, बोट ठेवून, ओळीनओळ वाचतात. लाभ होणार नाही त्या ओळीवर बोट थांबलं, मग पुढे गेलं. माझं मराठीतलं एक वाक्य त्यांनी सुधारलं देखील. मला वाटलं, संपलं.

पण पुडक्यात मागे आजाराच्या इतिहासाचं पान जोडलेलं होतं, इंग्रजीत, सर्जनच्या हाताने भरलेलं. आमच्याच नमुन्यातलं पान होतं ते, मीच तयार केलेलं. त्यात आधीचा कल्चर रिपोर्ट लिहिलेला होता, गोळ्यांचा उल्लेख होता, आणि खाली लिहिलं होतं की उघडून धुण्याचा सल्ला दिला, नातेवाइकांनी नकार दिला. तारीख होती. बाबांचं बोट तिथे आलं आणि उचललं गेलं नाही. त्यांनी ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली, ओठ हलवत.

"नातेवाईक म्हणजे कोण?" त्यांनी विचारलं.

"मी," मी म्हणाले.

"म्हैसूरपाक आणलास त्या वेळी?"

"त्याच्या दुसऱ्या दिवशी."

"मला विचारलं होतंस?"

"नाही."

सहायक डॉक्टरांना शब्द कळत नव्हते, पण काहीतरी बिनसलं आहे हे कळलं. ते खिडकीकडे बघायला लागले. बाबांनी चष्मा काढला, चादरीने पुसला, परत घातला. मी सांगायला लागले, की रिपोर्ट खोटा नव्हता, मी तो चुकीचा वाचला, आणि तो कसा वाचायचा हे मला माहीत होतं. सगळं सांगितलं, सोनिकेटरसुद्धा. त्यांनी मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "पेन दे." डॉक्टरांनी दिलं. बाबांनी नेहमीसारखी पूर्ण सही केली, तारीख घातली, कागद माझ्या हातात न देता डॉक्टरांच्या हातात दिला आणि मला म्हणाले, "घेऊन जा तो सांधा. निदान फुकट नको जायला."

सांधा मी घेऊन गेले. बर्फाच्या डब्यात, मांडीवर ठेवून. थर इतका जाड होता की नुसत्या डोळ्यांनी दिसत होता. सोनिकेटरमधून काढल्यावर त्यातून जे उगवलं त्याने ताटली भरून गेली, आणि आमच्या चांदीने ते सगळं एका दिवसात मेलं. लेख स्वीकारला गेला. त्यात बाबा एका ओळीत आहेत, एकाहत्तर वर्षांचा पुरुष, डावा गुडघा. दुसरा सांधा मात्र त्यांना बसला नाही. हाड इतकं खाल्लं गेलं होतं, की शेवटी मांडीपासून पोटरीपर्यंत सळी घालून गुडघा कायमचा सरळ बांधावा लागला. आता तो वाकत नाही. रिक्षात बसताना पाय बाहेर राहतो, म्हणून ते बाहेर जात नाहीत.

सर्जनवर त्यांचा राग नाही, माझ्यावर ओरडले तर कधीच नाहीत. लेख छापून आला ते सांगितलं तेव्हा म्हणाले, चांगलं झालं. आईला त्या पानाबद्दल त्यांनी आजवर सांगितलेलं नाही, आणि मीही नाही. जेवताना बोलतात, माझ्या कॉलेजचं विचारतात. फक्त एक झालं आहे. पाय सरळ असल्यामुळे न्हाणीघरात जाताना त्यांना कुणीतरी काखेत धरून उठवावं लागतं. आई एकोणसत्तर वर्षांची आहे, तिच्या मनगटात जोर नाही, दोनदा दोघंही पडता पडता वाचले. मी समोरच्या खुर्चीत बसलेली असते, धडधाकट. बाबा माझ्याकडे बघतात, आणि स्वयंपाकघरातल्या आईला हाक मारतात.